चार चिंचोक्यांखालचे वाक्य

१४ नोव्हेंबर, गुरुवार. पहाटे दाट धुके. नऊनंतर स्वच्छ ऊन, वारा नाही.

"…म्हणजे हे वाक्य कुणाचं म्हणायचं?"

मठाचे गुरू गंभीरबाबा यांनी विचारले. ते लॅपटॉपच्या पडद्याकडे बघत नव्हते, ऋत्विजच्या तोंडाकडे बघत होते.

"मूळबाबांचं," ऋत्विज म्हणाला. "नाव समोरच आलंय."

ऋत्विज देवस्थळी पुण्याचा. निमदरीच्या मठातल्या सगळ्या पोथ्या त्याने खपून संगणकात घातल्या. आता कुठलाही शब्द विचारला की तो कुठल्या पोथीत आहे, कुणाच्या तोंडी आहे, ते डोळ्याचे पाते लवायच्या आत पडद्यावर येते. मुलगा हुशार आहे. आपण हुशार आहोत हे त्याला कुणी वेगळे सांगावे लागत नाही.

त्याच्या यंत्राला आज पहिला खरा प्रश्न विचारला गेला होता.

मठात रोज सकाळी पोथी सांगतात. सांगणाऱ्या वामनबुवांची दृष्टी गेली आणि दसऱ्यापासून ती जागा रिकामी आहे. बाबांनी यशोदा पांचाळचे नाव दिले. यशोदा खालच्या आळीतल्या सुतारांची. लहानपणापासून बाबांकडे शिकते आणि आज मठात तिच्याइतकी पोथी कुणाला येत नाही. पण मठात आजवर बाईने पोथी सांगितलेली नाही. विश्वस्तांत दोन मते पडली. शेवटी सगळे एवढ्यावर आले की मूळबाबांचा शब्द असेल तसे करायचे. मूळबाबा म्हणजे मठ स्थापन करणारे. त्यांच्या शब्दापुढे इथे कुणी जात नाही.

बैठक आज साडेपाचला होती. नाही ठरले तर यशोदा उद्या सकाळी भावाकडे नाशिकला जाणार आणि परत येणार नाही, हे तिने आधीच सांगितले होते. रागाने नाही. शिकलेले कुणाला सांगताच येणार नसेल तर इथे बसून काय करू, एवढेच ती म्हणाली होती.

आणि यंत्राने उत्तर दिले होते.

"स्त्रियेने पोथी सांगो नये. मूळबाबा, संवादपोथी."

हा कागद छापून विश्वस्तांचे अध्यक्ष बापूसाहेब मोहरीर सकाळी नऊलाच ओसरीवर येऊन बसले होते. कागदाची घडी त्यांच्या वरच्या खिशात होती आणि खिशावर त्यांचा हात होता.

"बाबा, माणूस तुमची भीड धरेल," ते म्हणाले. "यंत्राला भीड नाही."

बाबा हसले. वाईट वाटल्यासारखे नाही.

इथे एक नियम सांगितला पाहिजे, नाहीतर पुढचे कळणार नाही. या मठात स्वतःच्या कामासाठी पोथी उघडत नाहीत. स्वतःच्या बाजूने तिच्यातले वाक्य काढून दाखवत नाहीत. शिष्याचे काम असेल तर गुरूलाही तोच नियम. म्हणून यशोदा गप्प होती. बाबाही पोथीत काय आहे ते सांगू शकत नव्हते. फक्त विचारू शकत होते.

त्यांनी विचारले की यंत्राला हे कळते कसे.

ऋत्विज खुलला. त्याने मांडी बदलली आणि समजावून सांगायला लागला. पोथीत कुणी बोलायला लागले की तिथे एक सुरुवातीची खूण घालायची. त्याचे बोलणे संपले की तिथे शेवटची. बोलणाऱ्याने दुसऱ्याचे बोलणे सांगितले, तर पहिल्या दोन खुणांच्या आत आणखी दोन खुणा. अशी खुणांत खुणा घालून पोथी भरायची, या पद्धतीला एक्सएमएल म्हणतात. खुणा घालायचे काम त्याने स्वतः केले आहे आणि त्यात चूक नाही, असे तो म्हणाला. ते खरे होते. मठाच्या पोथ्या आणि ही रोजनिशी मी सांभाळतो, मी पानापानाला पडताळून पाहिले आहे.

"मग एका वाक्याला किती नावं येतात?"

"पूर्वी सगळी यायची, बाबा. तीच तर अडचण होती. एकाच्या आत दुसरा, दुसऱ्याच्या आत तिसरा. एक वाक्य शोधलं की तेच पाच पाच वेळा यायचं, दर वेळी वेगळ्या नावावर. अनुक्रमणिका फुगून दुप्पट झाली. शोधायला वेळ लागायला लागला. मग मी एकच नाव ठेवलं."

"कुठलं?"

"सगळ्यात बाहेरचं. बाकीचे सगळे त्याच्याच पोटात असतात ना."

"हं…"

ओसरीच्या कठड्यावर मी पोथ्यांचे रुमाल उन्हात घालत होतो, तिकडे बाबा बघत राहिले.

मग म्हणाले, "यशोदेला बोलावून आण."

"कुठे आहेत त्या?"

"मठात."

ऋत्विज उठला. आधी स्वयंपाकघरात गेला. तिथून गोठ्यात, गोठ्यातून समाधीकडे. मग विहिरीवर त्याच्या हाका ऐकू आल्या. स्वयंपाकाच्या चंद्राबाई दारात येऊन म्हणाल्या, या पोराला कुणी हरवायला पाठवलंय का? बापूसाहेबांनी घड्याळ पाहिले. बाबा डोळे मिटून बसले होते.

पुष्कळ वेळाने ऋत्विज आला. त्याच्या केसांत कोळिष्टके होती, आणि मागे यशोदा. तिच्या कोपरापर्यंत ज्वारीची धूळ होती.

"कुठे सापडली?"

"कोठीच्या खोलीत. कणगीच्या आत. पूर्ण वाकून तळाची ज्वारी काढत होत्या, हाकेला ओ कशी येणार?"

"मी तुला काय सांगितलं होतं?"

"मठात आहेत म्हणून."

"खोटं सांगितलं?"

"खोटं नाही…" ऋत्विज थांबला. "पण त्याने मला त्या सापडल्या नाहीत."



ऋत्विज उभाच राहिला. मग एकदम खाली बसला आणि लॅपटॉप मांडीवर ओढला.

"म्हणजे मी उलट केलंय," तो स्वतःशीच म्हणाला. "बाहेरचं नाही, आतलं ठेवायला हवं. कणगी. वाक्याच्या सगळ्यात जवळचं नाव." मग यशोदेकडे वळून म्हणाला, "थांबा ताई. दोन ओळींचा बदल आहे. तुमचं काम आत्ता होतंय."

यशोदा खांबापाशी टेकून उभी राहिली. तिने हात पदराला पुसले नाहीत, धूळ तशीच राहू दिली.

ऋत्विजची बोटे चालली. बापूसाहेब पुढे सरकले. यंत्राने सगळी अनुक्रमणिका नव्याने लावायला घेतली आणि ती लागेपर्यंत चहा झाला. मग ऋत्विजने तेच वाक्य पुन्हा विचारले.

पडद्यावर उत्तर आले. तो ते वाचत राहिला. मोठ्याने वाचले नाही.

बापूसाहेबांनी चष्मा वर केला आणि स्वतः वाचले.

"स्त्रियेने पोथी सांगो नये. मूळबाबा, संवादपोथी." ते मागे टेकून बसले. "बाहेरून मूळबाबा, आतूनही मूळबाबा. आता आणखी कुठून बघायचं, देवस्थळी? वरून?"



यशोदा खांबापासून निघाली. "ज्वारी चाळून ठेवते," ती बाबांना म्हणाली. "उद्या मी नसले तर चंद्राबाईंना सांगा, तळाची आहे. किडकी निघेल. तशीच दळायला देऊ नका."

"थांब," बाबा म्हणाले.

ती थांबली.

बापूसाहेब उठायच्या बेतात होते. ऋत्विज मात्र पडद्यावरून नजर काढत नव्हता. त्याचे तोंड पडलेले दिसले नाही. गणित जुळले आणि तरी उत्तर पटले नाही म्हणजे मुले जशी बघतात, तसा तो बघत होता.

"एक कळत नाही," तो म्हणाला. "बाहेर मूळबाबा. आतही मूळबाबा. पण मग आत-बाहेर दोन कशाला? एकच माणूस सलग बोलत असेल तर खुणांची एकच जोडी लागते. इथे माझ्या हातून दोन पडल्यात. म्हणजे मधे कुणीतरी आहे."

"कोण आहे?" बाबांनी विचारले.

"ते…" ऋत्विजने डोके खाजवले. कोळिष्टक हाताला लागले, ते त्याने शर्टाला पुसले. "ते मी ठेवलं नाही, बाबा. आधी बाहेरचं ठेवलं, आता आतलं. मधलं दोन्ही वेळा टाकून दिलं."

बाबा उठले. गुडघ्यांवर हात ठेवून, सावकाश. आत गेले आणि एक छोटा पाट आणि कापडी पिशवी घेऊन आले. पाट त्यांनी ऋत्विजपुढे ठेवला. पिशवी उपडी केली. मूठभर चिंचोके पाटाच्या कडेला पडले, वापरून वापरून गुळगुळीत झालेले.

ऋत्विज ते ओळखत होता. मागे पोथ्यांचे फोटो काढताना त्याने ते पाहिले होते. संवादपोथी वाचताना लागतात, एवढे त्याला कुणीतरी सांगितले. त्याने टिपणात लिहून ठेवले होते: धार्मिक विधी, मजकुराशी संबंध नाही.

संवादपोथी रोजची पोथी नाही. ती तीन वर्षांतून एकदा वाचतात. मूळबाबांनी ती स्वतः सांगितली, पण तिच्यात माणसे फार बोलतात. एकाने सांगितलेले दुसरा सांगतो, दुसऱ्याचे तिसरा. ऐकणाऱ्याचा गोंधळ होऊ नये म्हणून वाचणारा पुढ्यात पाट ठेवतो. कुणी बोलायला लागले की पाटावर एक चिंचोका ठेवायचा. त्याच्या बोलण्यात आणखी कुणी बोलायला लागले की दुसरा. ज्याचे बोलणे संपते त्याचा चिंचोका उचलायचा. पाट रिकामा असताना जे वाचले जाते, ते मूळबाबांचे स्वतःचे.

बाबांनी हे थोडक्यात सांगितले. मग म्हणाले, "वाच."

बापूसाहेब लगेच म्हणाले, "बाबा, नियम आहे. तुमच्या शिष्येचं काम आहे हे."

"मी कुठे वाचतोय, बापूसाहेब? मी चिंचोके देतोय."

"आणि हा?"

"हा माझा शिष्य नाही. पुण्याचा आहे."

बापूसाहेबांना हसू आले. ते त्यांनी मिशीत दाबले आणि पुन्हा बसले.

ऋत्विजने पडद्यावर ती जागा उघडली आणि वाचायला लागला. जुनी भाषा त्याला जड जात होती. तो एकेक शब्द वेगळा करून वाचत होता.

"एके दिवशी मुकुंदा आम्हांपाशी आला आणि बोलिला…"

तो थांबला. पाटाकडे पाहिले. एक चिंचोका ठेवला.

मुकुंदा सांगत होता की बाबा, वाटेत एक कासार भेटला, आपल्या मठाकडेच येत होता, पण मधूनच मागे फिरला. का फिरलास म्हणून विचारले, तेव्हा तो बोलिला…

दुसरा चिंचोका.

कासार सांगत होता की मठात बांगड्या भरायच्या म्हणून निघालो होतो, पण नदीच्या उतारावर एक शास्त्रीबुवा भेटले. कुठे चाललास म्हणाले. मठात, म्हणालो. तर ते बोलिले…

तिसरा.

ऋत्विजचा आवाज बदलला होता. आता तो भाषेला अडत नव्हता. पुढे काय आहे ते बघायला वाचत होता.

"त्या मठात बाया पोथीपाशी बसतात. लोकांस काय सांगावे? अरे, त्यांचे बाबाच पूर्वी बोलिले…"

त्याने चौथा चिंचोका उचलला. पाटावर ठेवला. त्याच्या ओठांवर पुढचे वाक्य आले होते, पण तो ते लगेच म्हणाला नाही. पाटावरच्या चार चिंचोक्यांकडे बघत राहिला.

"स्त्रियेने पोथी सांगो नये," तो हळू म्हणाला.



"हे मूळबाबा नाहीत," ऋत्विज म्हणाला. "मूळबाबा सांगतात की मुकुंदा म्हणाला, की कासार म्हणाला, की शास्त्री म्हणाला, की मूळबाबा म्हणाले. दोन्ही टोकांना नाव तेच. पण हे वाक्य शास्त्र्याच्या तोंडातून निघालंय. त्याने खरं सांगितलं की ठोकून दिलं, कुणास ठाऊक…" त्याने लॅपटॉप मिटायला हात लावला. "झालं. कळलं मला."

"पाट रिकामा झाला नाही," बाबा म्हणाले.

"पण वाक्य संपलं, बाबा."

बाबा पाटाकडे बघत होते.

ऋत्विज पुन्हा वाचायला लागला. वाक्य संपल्याची खूण आली, त्याने चौथा चिंचोका उचलला. शास्त्रीबुवा आणखी थोडे रागावले, मठाच्या वाटेला जाऊ नको म्हणाले, त्यांचे बोलणे संपले. चिंचोका. कासार म्हणाला की एवढे ऐकून मी बांगड्यांची पेटी डोक्यावर घेतली आणि माघारी फिरलो, उगाच अडीच कोस तंगडतोड झाली. त्याचे संपले. चिंचोका. मग मुकुंदा एकटा राहिला. त्याने विचारले की बाबा, तो शास्त्री म्हणतो ते आपण खरेच बोलला होतात का?

ऋत्विजने शेवटचा चिंचोका उचलला. तो हातातच राहिला.

पाट रिकामा होता. त्याने पुढची ओळ वाचली.

"यावर आम्ही हसलो, आणि मुकुंदास जेवावयास बसविले."



यशोदेने खाली पाहिले. ही ओळ तिला पाठ होती. ऐकताना तिच्या ओठांची हालचाल झाली होती. पण आवाज काढला नव्हता.

"पुढे?" बापूसाहेबांनी विचारले.

"पुढे दुसरा प्रसंग आहे. ओढ्याला पूर आला होता त्याचा."

"आणि या प्रश्नाचं उत्तर?"

"एवढंच."

बापूसाहेबांनी खिशातला कागद काढला. उलगडला, वाचला, पुन्हा घडी घातली. "हसले म्हणजे काय, बाबा? हो म्हणून हसले, की नाही म्हणून हसले?"

बाबांनी यशोदेकडे पाहिले आणि मान हलवली. त्यांना सांगता येत नव्हते, नियम होता. बापूसाहेबांच्या ते ध्यानात आले. त्यांनी ऋत्विजकडे पाहिले.

"मला विचारू नका," ऋत्विज म्हणाला. "मी सकाळपासून दोनदा चुकलोय. पण एक सांगतो, अण्णा. कितीही वर्षं शोधत बसलो असतो तरी ही ओळ माझ्या हाती लागली नसती. हिच्यात स्त्री नाही, पोथी नाही, सांगणं नाही. विचारलेला एकही शब्द नाही. आणि पाट रिकामा असताना त्यांनी या विषयावर केलेलं एवढंच आहे."

बापूसाहेबांना त्याने घरच्या माणसासारखे अण्णा म्हटले, हे त्याच्याही ध्यानात आले नाही. त्यांच्या आले.

दुपारी ऋत्विजने ओसरीवरच बसून अनुक्रमणिका पुन्हा एकदा लावली. आता तो कुठलेच नाव टाकत नव्हता. वाक्यामागे बाहेरून आतपर्यंत सगळी नावे ओळीने येतील असे त्याने केले. यंत्र थोडे हळू चालते, पण चालते. बापूसाहेबांसाठी त्याने नवा कागद छापला: मूळबाबा, त्यात मुकुंदा, त्यात कासार, त्यात शास्त्री, त्यात मूळबाबा. जुना कागद बापूसाहेबांनी परत दिला नाही. दोन्ही खिशात घातले.

ऋत्विज अजून चिंचोक्यांशी खेळत होता. एक ठेव, एक उचल. बाबा शेजारी ताक पीत होते.

"बाबा, नावांची ओळ झाली," तो म्हणाला. "पण ते हसणं राहिलंच की. कुणी उद्या हाच प्रश्न विचारला तर त्याला वाक्य सापडेल, सगळी नावं सापडतील. हसणं नाही सापडणार. त्याला कुठली खूण घालू? ते कुणाच्या आत नाही आणि त्याच्या आत कुणी नाही. शोधणाऱ्याला ते मिळायचं कसं?"

बाबांनी ताकाचे भांडे खाली ठेवले. पाटावर एक चिंचोका राहिला होता, तो उचलून ऋत्विजच्या तळहातावर ठेवला.

"शोधणाऱ्याला पाट रिकामा व्हायच्या आत उठायची घाई आहे का, ते आधी विचार."

विश्वस्तांची बैठक साडेपाचला सुरू झाली आणि सव्वासहाला संपली. दोन्ही कागद वाचून दाखवण्यात आले. ठरावाच्या बाजूने तीन, विरोधात एक. बापूसाहेब मोहरीर यांनी मत दिले नाही. सोमवार, १८ नोव्हेंबरपासून सकाळची पोथी यशोदा पांचाळ सांगतील.